घरगुती ऑनलाइन विक्री वाढू लागल्यावर कामाची पद्धत कशी बदलते: लाभार्थी उद्योजकांसाठी माहिती

मुद्रा कर्ज, बचत गटाचे अर्थसाहाय्य किंवा स्वतःची शिल्लक यांच्या आधारे ज्यांनी घरातून उद्योग सुरू केला आहे आणि जे मोबाइलवरून विक्री करतात, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. उद्योग लहान असताना सगळे काम एका माणसाच्या डोक्यात मावते. ऑर्डर वाढल्या की ते मावत नाही. शासनाचे नियमही त्याच सुमारास लागू होऊ लागतात. कोणता बदल कधी करावा लागतो, त्यासाठी कोणती नोंदणी आहे आणि सध्या मिळत असलेल्या योजनांवर त्याचा काय परिणाम होतो, ते पुढे दिले आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सोलापूर शहरातील एक भगिनी घरी शेंगदाणा चटणी तयार करतात. सुरुवातीला ओळखीच्या लोकांना व्हॉट्सॲपवरून विक्री. दिवसाला चार-पाच ऑर्डर. पैसे यूपीआयने त्यांच्या नेहमीच्या बचत खात्यात येतात. वर्षभरात ऑर्डर दिवसाला पन्नासवर जातात आणि एका ऑनलाइन बाजारपेठेवरही त्यांचा माल दिसू लागतो.

पहिला ताण येतो तो नोंदीवर

पाच ऑर्डर लक्षात राहतात. पन्नास ऑर्डर व्हॉट्सॲपच्या गप्पांत हरवतात. कुणी "नेहमीचेच पाठवा" लिहितो, कुणी आवाजी संदेश पाठवतो, कुणी पैसे आधी देतो आणि पत्ता दोन दिवसांनी. अशा वेळी प्रत्येक ऑर्डरला क्रमांक देणे ही पहिली पायरी आहे. वही चालेल, मोबाइलमधील तक्ताही चालेल. तारीख, क्रमांक, ग्राहक, माल, रक्कम, पैसे आले का, माल गेला का, एवढे सात रकाने पुरतात. व्हॉट्सॲप बिझनेस या मोफत ॲपमध्ये ग्राहकाच्या गप्पांना "नवीन ऑर्डर", "पैसे आले" अशी लेबले लावता येतात. सुरुवातीस तेही उपयोगी पडते.

"पैसे आले का" हा रकाना ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पाहून भरू नये. खोटे स्क्रीनशॉट तयार करणे सोपे आहे. खात्यात रक्कम जमा झाल्याचे स्वतःच्या ॲपमध्ये पाहावे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. ऑर्डर घेण्याचे काम घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे किंवा मदतनीसाकडे दिले असेल, तर हे दोन नियम त्या व्यक्तीला आधी सांगावेत. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

खाते वेगळे करणे ही दुसरी पायरी. घरखर्च, मुलांची फी, योजनेचे अनुदान आणि चटणीचे पैसे एकाच खात्यात असतील, तर धंद्यात नेमके किती उरले हे स्वतःलाच कळत नाही. बँकेत वाढीव कर्ज मागायला गेल्यावर व्यवस्थापक खात्याचा उतारा मागतात, त्यात धंदा वेगळा दिसला पाहिजे. उद्योगाच्या नावाने चालू खाते उघडता येते. त्यासाठी बँका बहुधा उद्यम प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. योजनेचे अनुदान मात्र आधार जोडलेल्या जुन्या खात्यातच येऊ द्यावे, त्यात बदल करू नये.

उद्यम नोंदणी

ही नोंदणी पूर्णपणे ऑनलाइन व मोफत आहे. १ जुलै २०२० पासून उद्यम पोर्टलवर ती आधार क्रमांकाच्या आधारे होते, कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. "उद्यम नोंदणी शुल्क" म्हणून पैसे घेणारी अनेक संकेतस्थळे हुबेहूब सरकारी दिसतात; ती खासगी आहेत. पत्त्याच्या शेवटी शासकीय खूण, म्हणजे "डॉट गव्ह डॉट इन" आहे का, ते पाहावे. ज्यांच्याकडे पॅन किंवा जीएसटी नाही अशा अगदी छोट्या उद्योगांसाठी जानेवारी २०२३ पासून उद्यम असिस्ट हा वेगळा मार्ग आहे, तिथे नोंदणी बँक किंवा वित्तसंस्थेमार्फत होते.

१ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपये आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपये अशी आहे. म्हणजे घरगुती उद्योग बराच वाढला तरी सूक्ष्म गटातच राहतो. उलाढाल वाढून वरच्या गटात गेल्यास करेतर लाभ लगेच बंद होत नाहीत, पुढील तीन वर्षे चालू राहतात.

"स्टार्टअप" या शब्दाबद्दलही इथे सांगितले पाहिजे, कारण गावोगावच्या फलकांवर तो आता कोणत्याही नव्या दुकानासाठी वापरला जातो. केंद्र शासनाची स्टार्टअप मान्यता वेगळी आहे. ती खासगी मर्यादित कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी, नोंदणीकृत भागीदारी अशा स्वरूपातील संस्थेलाच मिळते आणि कामात काही नावीन्य दाखवावे लागते. एका व्यक्तीच्या मालकीच्या उद्योगाला ती मिळत नाही. चटणी विकण्यासाठी तिची गरजही नाही. "कंपनी काढा, मग सरकारी पैसा मिळेल" असा सल्ला कुणी फी घेऊन देत असेल, तर पुढील भाग वाचल्याशिवाय सही करू नये.

धंदा वाढला तर मिळणाऱ्या योजना बंद होतील का?

बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न असतो, आणि अनेक जण या भीतीनेच नोंदणी टाळतात. त्यामुळे तो नीट पाहू.

उद्यम नोंदणी केली म्हणून कोणतीही व्यक्ती आपोआप श्रीमंत ठरत नाही. योजनांचे निकष उत्पन्न, आयकर, मालमत्ता यांवर असतात; उद्योगाची नोंदणी हा त्यांतला निकष नाही. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीतून वगळले जाते ते मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेल्या व्यक्तीला. महाराष्ट्रातील मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे, कुटुंबात कुणी आयकरदाता नसावा आणि ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन कुटुंबातील कुणाच्या नावावर नसावे, अशा अटी आहेत.

आता शब्दांकडे लक्ष द्यावे. इंग्रजी नियमांत "टर्नओव्हर" आणि "इन्कम" हे दोन स्वतंत्र शब्द असतात. मराठीत बोलताना आपण दोन्हींना सर्रास "उत्पन्न" म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. उलाढाल म्हणजे वर्षभरातील एकूण विक्री. उत्पन्न म्हणजे त्यातून शेंगदाणे, मसाला, पिशव्या, गॅस, कुरिअर, मजुरी, बाजारपेठेचे कमिशन वजा जाता जे हातात उरते ते. वर्षाला सहा लाखांची चटणी विकली आणि खर्च चार लाख साठ हजार झाला, तर उलाढाल सहा लाख, पण उत्पन्न एक लाख चाळीस हजार. हा फरक तोंडी सांगून चालत नाही. खर्चाच्या पावत्या आणि वही असेल तरच तो तलाठी, तहसील किंवा बँकेसमोर दाखवता येतो. खात्यात सहा लाख आलेले सर्वांना दिसतात. गेलेले चार लाख साठ हजार आपल्यालाच दाखवावे लागतात. नोंदी ठेवणे हे लाभार्थ्याच्या दृष्टीने कर टाळण्यापेक्षा हक्क टिकवण्याचे काम आहे.

आयकर विवरणपत्र भरणे आणि आयकर भरणे यांतही फरक आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर निवासी व्यक्तीला, काही विशेष प्रकारची उत्पन्ने वगळता, प्रत्यक्षात कर द्यावा लागत नाही. तेव्हा शून्य कराचे विवरणपत्र भरता येते आणि कर्जासाठी बँका ते मागतातही. मात्र कुटुंबाच्या उत्पन्नाच्या मर्यादेत पती, सासरे, मुलगा यांचे उत्पन्नही धरले जाते, हे विसरू नये.

दोन गोष्टी मात्र खरोखर परिणाम करू शकतात. माल पोहोचवण्यासाठी घेतलेला छोटा टेम्पोही चारचाकीच असतो. तो कुटुंबातील सदस्याच्या नावावर झाला की वरील अट आड येऊ शकते. दुसरी गोष्ट कंपनी काढण्याची. कंपनी स्थापन केली की तिचे संचालक व्हावे लागते. केंद्राने २०२५ मध्ये शिधापत्रिकांची पडताळणी करताना आयकरदाते व चारचाकीधारक यांच्यासोबत कंपन्यांच्या संचालकांची नावेही ताडून पाहिली. फक्त कागदावर चालणाऱ्या कंपनीमुळे घरातील धान्य अडू नये.

शिधापत्रिकेचे निकष राज्यानुसार वेगळे आहेत. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे. ही मर्यादा इतकी कमी आहे की यशस्वी उद्योगाने ती ओलांडणे स्वाभाविकच. कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, गोवा किंवा तेलंगणात राहणाऱ्या वाचकांनी आपल्या राज्याचे निकष स्थानिक पुरवठा कार्यालयात विचारावेत. उत्पन्न मर्यादेपुढे गेले असेल तर ते लपवण्याऐवजी कळवणे बरे. नंतर वसुलीची नोटीस येण्याचा प्रश्न उरत नाही.

जीएसटी: राज्याची हद्द हा खरा उंबरठा

माल विकणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा बहुतेक राज्यांत वार्षिक उलाढाल ४० लाख रुपये आहे. काही राज्यांत ती कमी आहे, तेलंगणात २० लाख. सेवा देणाऱ्यांसाठी बहुतेक राज्यांत २० लाख. हे आकडे अनेकांना माहीत असतात. ज्यात लोक अडकतात तो नियम दुसराच आहे.

करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. अधिसूचित हस्तकला वस्तूंना यातून सूट आहे, चटणीला नाही. सोलापूरहून नागपूरला पाकीट पाठवले तर मर्यादेपर्यंत नोंदणी लागत नाही. विजयपूरला पाठवले, जे त्याहून कितीतरी जवळ आहे, तर लागते, कारण ते कर्नाटकात आहे. बेळगावच्या व्यक्तीने कोल्हापूरला माल पाठवला तरी तेच. सीमाभागात नातेसंबंध आणि गिऱ्हाईक दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे तेथील उद्योजकांनी हे आधी पाहावे.

पूर्वी ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकायचा तर पहिल्या ऑर्डरपासून जीएसटी सक्तीचा होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सवलत आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि विक्री फक्त आपल्याच राज्यात असेल, तर नोंदणीशिवाय विकता येते. त्यासाठी पॅन लागतो आणि जीएसटी पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. बाजारपेठेच्या सेटिंगमध्ये "संपूर्ण भारत" हा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो. तो बदलून स्वतःचे राज्य निवडावे.

नोंदणी घ्यावीच लागली तर दीड कोटींपर्यंत उलाढालीच्या उद्योगांना कंपोझिशन योजना निवडता येते. उत्पादक व व्यापाऱ्यांसाठी तिचा दर उलाढालीच्या १ टक्का आहे आणि विवरणपत्रेही कमी. पण या योजनेत राज्याबाहेर विक्री करता येत नाही आणि ग्राहकाकडून कर वसूल करता येत नाही. म्हणजे ज्यांनी विजयपूरसाठीच नोंदणी घेतली, त्यांना ती उपयोगाची नाही.

बाजारपेठेकडून येणारे पैसे जुळवणे

स्वतः विकताना २०० रुपयांच्या पाकिटाचे २०० रुपये येतात. बाजारपेठेमार्फत विकताना कमिशन, पोहोचवणी, परत आलेल्या मालाचा खर्च वजा होऊन काही दिवसांनी एकत्रित रक्कम येते. शिवाय जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्यांच्या रकमेतून ०.५ टक्के टीसीएस कापला जातो (हा दर १० जुलै २०२४ पूर्वी १ टक्का होता). आयकराचा ०.१ टक्का टीडीएसही कापला जाऊ शकतो. वैयक्तिक विक्रेत्याची त्या बाजारपेठेवरील वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर तो कापला जात नाही. टीसीएस जीएसटी पोर्टलवरील आपल्या रोख खात्यात जमा करून घेता येतो आणि टीडीएस विवरणपत्र भरून परत मागता येतो. अनेकांच्या छोट्या रकमा अशाच पडून राहतात.

म्हणून दर आठवड्याला एक तास काढून बाजारपेठेचा हिशेबपत्रक आणि आपली ऑर्डर वही समोरासमोर ठेवावी. कोणत्या क्रमांकाचे पैसे आले, कोणते आले नाहीत, कोणता माल "परत आला" म्हणून पैसे कापले पण पाकीट घरी पोहोचलेच नाही, हे तेव्हाच कळते. परत मालाचे दावे ठरावीक दिवसांतच करता येतात. महिन्याच्या शेवटी पाहू म्हटले की मुदत गेलेली असते.

दोन ठिकाणी विक्री चालू असेल तर साठ्याचीही अशीच गोष्ट. कपाटात दहा पाकिटे आणि दोन्हीकडे दहा-दहा दाखवलेली असतील, तर ऑर्डर वीस येऊ शकतात. रद्द केलेल्या ऑर्डरमुळे बाजारपेठेवरील मानांकन घसरते. दोन्हीकडे पाच-पाच दाखवावी आणि रोज संध्याकाळी आकडे बदलावेत, हा साधा उपाय पुरेसा आहे. महागडे सॉफ्टवेअर इतक्यात घेऊ नये.

पाकिटावरील बॅच क्रमांक

खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला, अगदी घरातून विकणाऱ्यालाही, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो आणि त्याचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. लहान उलाढालीस साधी नोंदणी पुरते, मोठ्या उलाढालीस परवाना लागतो. वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, तारीख, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क हा मजकूरही आवश्यक आहे.

यात बॅच क्रमांकाकडे लोक केवळ औपचारिकता म्हणून पाहतात. पण समजा एका ग्राहकाने कळवले की चटणीला खवट वास येतो. बॅच क्रमांक असेल तर वहीत पाहून कळते की ती मंगळवारची घाणी, त्या दिवशी अमुक दुकानाचे शेंगदाणे वापरले होते आणि त्यातली तीस पाकिटे गेली. तीस ग्राहकांना कळवता येते. क्रमांक नसेल तर घरातील सगळा माल संशयास्पद ठरतो आणि टाकून द्यावा लागतो. मदतीला दोन-तीन जणी आल्यावर तर हे अधिकच गरजेचे, कारण प्रत्येकीच्या हाताचे प्रमाण वेगळे. "अंदाजाने मीठ" हे वजनात लिहून भिंतीवर लावावे लागते. पहिल्यांदा ते विचित्र वाटते, चव मात्र सारखी राहते.

ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावे लागते. तक्रारी कोण पाहणार हे घरात ठरवून घ्यावे.

उधारी आणि मोठे गिऱ्हाईक

हॉटेल, सुपरमार्केट किंवा कंपनी माल घेऊ लागली की पैसे उशिरा मिळू लागतात. इथे उद्यम नोंदणीचा सर्वांत मोठा उपयोग होतो. सूक्ष्म व लघु उद्योगाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्याबाबत ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी झालेली असावी आणि बिलावर उद्यम क्रमांक असावा. हे संरक्षण उत्पादन व सेवा उद्योगांना आहे. घाऊक बाजारातून साड्या आणून ऑनलाइन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच आहे.

शासकीय कार्यालयांना माल विकायचा असल्यास जेम पोर्टलवर नोंदणी करता येते. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे.

वाढीसाठी कर्ज व मदतनीस

मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांसाठी २०२४ पासून तरुण प्लस गटात २० लाखांपर्यंतची सोय आहे. पुढच्या गटात जाताना बँक आधीच्या हप्त्यांचा इतिहास आणि खात्यातील विक्री पाहते. कोणत्याही दलालाला कमिशन देऊ नये.

कामावर १० व्यक्ती झाल्या की कर्मचारी राज्य विमा आणि लैंगिक छळ तक्रारीसाठी अंतर्गत समिती, तर २० झाल्यावर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. त्याआधीही मजुरी खात्यात दिल्यास खर्चाचा पुरावा आपोआप तयार होतो.

पत्ता, मोबाइल क्रमांक, बँक खाते किंवा उद्योगाचा प्रकार बदलल्यास उद्यम पोर्टलवर आधार ओटीपीने तो बदल करता येतो. त्यासाठीही शुल्क नाही.